अल्बुकर्की : फुग्यांनी भरलेलं आकाश

कुठे, कधी : अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर; ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस फुग्यांचा उत्सव.

सुरुवात : १९७२मध्ये एका मॉलच्या पार्किंगमधून १३ फुगे उडाले. आता गरम हवेचे ५००हून अधिक फुगे जमतात.

वाऱ्याची किमया : पहाटे बऱ्याचदा खालचा वारा दक्षिणेकडे, तर वरचा उत्तरेकडे वाहतो. फुग्याला सुकाणू नसतं. उंची बदलली की दिशा बदलते आणि फुगा निघाला तिथेच जवळपास परततो. हाच ‘अल्बुकर्की बॉक्स’.

जवळून पाहा : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोशाखातले ‘झेब्रा’ एकेका फुग्याला उड्डाणाची खूण देतात.

डिसेंबरात : फुग्यांचा उत्सव संपला, तरी नाताळच्या आदल्या रात्री शहराचं जुनं गाव उजळतं. कागदी पिशवीत वाळू, वाळूत मेणबत्ती. हेच इथले ‘लुमिनारिया’.