फाशांच्या खेळातील तालीम

टेबलाभोवती बसून, फासे टाकीत आणि कथा रचीत जे भूमिकाखेळ खेळले जातात, त्यांत योद्ध्याच्या तालमीचे नियम बांधणे हे मला सर्वांत नाजूक काम वाटते. कारण पात्राचे कौशल्य केवळ शत्रू मारल्याने वाढू लागले, तर गुरू, आखाडा आणि वर्षानुवर्षांची साधना यांना कथेत प्रयोजनच उरत नाही. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने यावर काढलेली तोड मला आजही अनुपम वाटते. साहसात जे कसब यशस्वीपणे वापरले, त्यासाठी मागाहून १ ते १०० मधला आकडा फाशांनी काढायचा, आणि तो चालू कौशल्याच्या वर गेला तरच प्रगती पदरात पडायची. त्यामुळे तलवारीत ३० टक्क्यांवर असलेला नवशिका झपाट्याने शिकतो, तर ९० टक्क्यांना पोचलेला उस्ताद ढोबळ मानाने दहापैकी नऊ वेळा आहे तिथेच राहतो. ‘गर्प्स’ या दुसऱ्या खेळाचा हिशेब वेगळा : २०० तासांच्या शिक्षणाला एक गुण, आणि गुरूवाचून केलेल्या अभ्यासाचे तास निम्मेच धरायचे. हा शिरस्ता चोख खरा, परंतु दर मुक्कामी तासांची नोंदवही उघडावी लागली की रसभंग होतो. म्हणून ती मोजदाद दोन साहसांमधील विश्रांतीच्या काळापुरतीच राखावी.