वांगी तोलताना जमीनही तोला!

बीड जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीवर जा. दोन बाया भेटल्या की दारामागच्या भाजीचा विषय निघतोच. "तुझी वांगी एवढी चकचकीत, आमचीच कशी किडली?" असे एकीने विचारायचे आणि दुसरीने सांगायचे, "वाळलेला शेंडा दिसला की तोडून जाळ, अळी त्यातच असते." ही तुलना आम्हाला मोलाची वाटते. कारण तिच्यातून ज्ञान वाटले जाते आणि त्याला फी लागत नाही.

परंतु हीच तुलना प्रदर्शनाच्या मांडवात गेली की तिचे रूप पालटते. तिथे मोठ्या भोपळ्याला आणि लांब दोडक्याला बक्षीस मिळते. तो भोपळा कोणाच्या विहिरीवर वाढला, हे कोणी विचारते काय? एकाकडे विहीर, मोटार आणि गोठ्यातले शेणखत. दुसरीकडे मोरीच्या सांडपाण्यावर जगवलेला वेल. आमच्या मते वजन करायचेच असेल तर घागरीमागे करावे. दुष्काळी बीडमध्ये खरा हिशेब पाण्याचाच आहे. तो मांडला तर पहिला नंबर कोणाचा येईल, हे सांगायला परीक्षक लागणार नाही.

पाण्याच्या आधी प्रश्न जमिनीचा आहे. परसबागेला आधी परस लागते! ज्यांना ते नव्हते त्यांनी गायरान फोडले, दगड वेचले आणि पेरणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच हक्कासाठी. पुढे शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. दिवंगत एकनाथ आवाड यांनी बीड जिल्ह्यातून मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून गायरानाचा लढा मराठवाडाभर नेला. तरीही अनेक कुटुंबे आजही सातबाऱ्यावर नाव येण्याची वाट पाहत आहेत. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विहिरीचे अनुदान नाही. मग त्यांच्या गवारीची बागायतदाराच्या गवारीशी तुलना कोणत्या न्यायाने करायची?

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मेथी, पालक, कोथिंबीर यांचा खरा हंगाम हिवाळ्याचा. नेमक्या त्याच वेळी जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन उसाच्या फडावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडते. आल्यावर परसात दिसतात त्या वाळलेल्या काड्या. "यांना भाजीसुद्धा लावता येत नाही," असे म्हणणाऱ्यांनी आधी उचलीचा हिशेब वाचावा. बाग माळ्याच्या आळसाने वाळत नाही, त्याला घर सोडावे लागते म्हणून वाळते.

तिसरा प्रश्न बियाण्याचा. संकरित वाणाचे बी धरून पुन्हा लावले तर तसेच फळ मिळण्याची खात्री नसते. दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. गावरान वालाचे, घेवड्याचे बी मात्र राखेत घोळून गाडग्यात ठेवता येते आणि शेजारणीला मूठभर देताही येते. अकोले तालुक्यातील आदिवासी शेतकरी राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती भल्यामोठ्या फळासाठी नव्हे, तर गावरान बियाणे जपल्याबद्दल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने विद्वानांना धडा दिला. आपल्या आज्या-पणज्या हेच करीत होत्या, परंतु त्यांना कोणी तज्ज्ञ म्हटले नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, वस्ती-वस्तीत भाज्यांचे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक पाटीपुढे एक चिठ्ठी असावी : जमीन कोणाची, पाणी कुठले, बियाणे घरचे की विकतचे? आणि जी कुटुंबे त्या दिवशी फडावर असतील त्यांच्या नावाची एकेक रिकामी पाटी मांडावी. तिच्यापुढे फक्त कारखान्याचे अंतर लिहावे.

भरलेल्या पाट्यांना बक्षीस जरूर द्या. पण आपल्या गावाने काय गमावले, हे ती रिकामी पाटीच सांगेल.