तुला काय येते?

मावळात भातकापणी संपली, की मोकळ्या खाचरांत मुलांचे क्रिकेटचे डाव रंगतात. वडगाव असो वा लोणावळा, गडी निवडताना पहिला प्रश्न एकच असतो : "तुला काय येते?" कोणी फलंदाज असतो, कोणी गोलंदाज, कोणी यष्टिरक्षक. फलंदाजी बहुतेकांना हवी असते. पण सगळेच फलंदाज झाले, तर गडी बाद कोण करणार?

बाळू पालवणकर या थोर खेळाडूस मात्र हा साधा प्रश्न सहजासहजी कोणी विचारला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते याच जिल्ह्यात, पुण्यास, युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत. तेथील साहेबांना सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. त्या श्रमांतून त्यांची डावखुरी संथ गोलंदाजी घडली. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. परंतु ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे, म्हणून चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक गडी बाद केले. तरीही संघनायक म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

गुण अंगी आणणे हे खेळाडूचे काम. त्या गुणांस योग्य जागा देणे हे इतरांचे. म्हणून गडी निवडताना त्याचे कुळ पाहू नये, त्याचा खेळ पाहावा.