तेच तेच बघून कंटाळलात? मग हे टाईप करा!

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून टाकतोय.

सेनगावच्या एका मित्राची व्हॉइस नोट आली. म्हणे, "दादा, अ‍ॅप उघडलं की तेच ते दिसायलंय. सासू-सून, नायतर बंदूकवाले. जरा हटके सांगा की." खरंय त्याचं. अ‍ॅपचं गणित साधं असतं. तुम्ही जे शेवटपर्यंत बघता, त्याच जातीचं पुढे वाढून ठेवतं. वेगळं काही पाहिजे तर नाव टाकून शोधावंच लागतं. म्हणून आज नावं देतो.

सुरुवात हलक्यापासून. 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण'. भाडिपाने २०१६ मध्ये यूट्यूबवर आणलं. दिसायला मुलाखत. समोर खरी स्टार, पहिल्याच भागात राधिका आपटे, आणि अमेय वाघ नि निपुण धर्माधिकारी असे काही वागतात की बघताना आपल्यालाच लाज वाटते! भाग छोटे आहेत, एसटीची वाट बघता बघता एखादा उरकतो.

मग 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. अल्फा मराठीवर, म्हणजे आत्ताच्या झी मराठीवर लागायची. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली. एक आजोबा डायरी लिहितात, बस. कोणी कट करत नाही, कोणाला विष घालत नाही. मालिकांच्या गर्दीत हेच विचित्र वाटतं, बघा.

गावातलं पाहिजे असेल तर 'चांडाळ चौकडीच्या करामती'. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची माणसं आपल्याच गावात कॅमेरा लावून करतात. चकचकीत काही नाही, पण पारावरची भांडणं एकदम अस्सल. फक्त बोली तिकडची, बागायती पट्ट्यातली. आपली नाही.

आता आपल्या बोलीकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते हे. 'मानवत मर्डर्स', सोनी लिव्ह, ऑक्टोबर २०२४, आठ भाग. मानवत परभणी जिल्ह्यात. हिंगोली परभणीतून वेगळी झाली १ मे १९९९ ला. म्हणजे १९७२ ते ७४ मध्ये ते खून झाले तेव्हा कळमनुरी, वसमत, औंढा, आपण सगळे त्याच जिल्ह्यातले. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी खरे पोलीस अधिकारी, त्यांच्या पुस्तकावर ही सिरीज उभी आहे. भूमिका आशुतोष गोवारीकरची, दिग्दर्शन आशिष बेंडेचं.

पण तुम्ही मकरंद अनासपुरेकडे लक्ष ठेवा. या माणसाने आपली मराठवाडी बोली सिनेमात नेली आणि अख्खा महाराष्ट्र हसला. आपणही हसलो. पण हळूहळू असं झालं की पडद्यावर कोणी आपल्यासारखं बोललं की तो विनोदीच असणार, हे ठरूनच गेलं. पुण्याला शिकायला गेलेल्यांना विचारा, "काय करायलास" म्हटलं की वर्गात काय होतं ते. इथे तोच अनासपुरे उत्तमराव होतो, आवाज न चढवता बोलतो, आणि हसू येत नाही. भीती वाटते. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकरही याच बोलीत बोलतात. आपली भाषा एवढी गंभीरपणे वापरलेली मी मोठ्या अ‍ॅपवर क्वचितच बघितली.

माझी तक्रारही आहे. एवढ्या गंभीरपणे आपण दिसलो ते शेवटी खून आणि अंधश्रद्धेसाठीच. आणि एक लक्षात ठेवा, मेलेल्या त्या बाया आणि लहान पोरी खऱ्या होत्या. पॉपकॉर्न घेऊन बघायची गोष्ट नाही ही. लहान लेकरं जवळ असतील तर लावूच नका.

बघून झाल्यावर घरातल्या आजीला विचारा, तेव्हा गावात काय काय बोललं जायचं. ती जे सांगेल ते तिला चालत असेल तर रेकॉर्ड करा आणि पाठवा. पुढच्या एपिसोडला ऐकवतो.