काहीच न करण्याचा हुकूम

संगणकाच्या प्रोसेसरला शेकडो हुकूम समजतात: बेरीज कर, तुलना कर, अमुक पत्त्यावर उडी मार. त्यांतच एक हुकूम असतो, ‘काहीही करू नकोस’ असा. त्याचं नाव नॉप. तो जेमतेम एका बाइटचा. पुढचा हुकूम मेमरीत सोयीच्या पत्त्यावर पडावा म्हणून मधली जागा भरायची असते, त्यासाठी पुढे त्याची लांब आवृत्ती आली, नॉपएल. करत तीही काही नाही. पण हा लांब रिकामा हुकूम ज्या प्रोसेसरला ओळखता येत नाही, तो त्यापाशी अडतो आणि चालू प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो!

असा प्रोसेसर असलेला संगणक महाराष्ट्रातल्या मुलांनी हाताळला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांत एएमडीचा जिओड एलएक्स प्रोसेसर होता, वेग ४३३ मेगाहर्ट्‌झ. रॅम २५६ एमबी. हार्ड डिस्क नाहीच, तिच्या जागी १ जीबीची फ्लॅश मेमरी. पडदा मात्र असा, की भर उन्हातही वाचता यावा. आणि प्रोसेसर झोपला तरी पडद्यावरचं पान तसंच राहावं म्हणून एक वेगळी चिप बसवलेली होती. मूल वाचत असताना यंत्राचा मेंदू डुलकी घ्यायचा आणि बटण दाबलं की जागा व्हायचा.

एवढ्याशा सामग्रीवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालली ती तिच्या कर्नलमुळे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी, प्रोसेसर कुणाला किती वेळ, कीबोर्डवरचं अक्षर कुणाकडे जाणार, हे सगळं तोच ठरवतो. आजच्या लिनक्स कर्नलच्या मूळ मजकुरात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्या सगळ्या एका यंत्राला कधीच लागत नाहीत. म्हणून कर्नल बांधण्याआधी एक यादी भरायची असते. तिच्यात दहा हजारांहून जास्त पर्याय, आणि बहुतेकांना तीनच उत्तरं: ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच घाला, ‘एम’ म्हणजे सुटं मॉड्यूल करून ठेवा, ‘एन’ म्हणजे नको. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ असा आदेश दिला की ही यादी पडद्यावर उघडते. उत्तरं साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये साठतात. यंत्राच्या प्रत्येक अवयवाबद्दलचा निर्णय त्या फाइलमध्ये वाचता येतो.

जुन्या यंत्रासाठी ही यादी भरताना खरी गंमत येते. पहिला प्रश्न प्रोसेसरच्या घराण्याचा. पेंटियम, पेंटियम प्रो अशी नावं तिथे ओळीने असतात, त्यांत जिओड एलएक्सही आहे. इथे यंत्राच्या ऐपतीपेक्षा नवं घराणं निवडलं, तर मूळ मजकुरातून हुकूम तयार करणारा कंपायलर त्या प्रोसेसरला न कळणारे हुकूम लिहून ठेवतो आणि पडद्यावर एक अक्षर उमटण्याआधी सगळं थांबतं.

दुसरा प्रश्न मेमरीचा. पीएई नावाच्या सोयीने ३२ बिटांच्या प्रोसेसरला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता येते. २५६ एमबीच्या यंत्राला तिचा उपयोग शून्य. उलट सुरुवातीच्या काही पेंटियम एम लॅपटॉपवर पीएई लावलेला कर्नल सुरूच होत नाही.

तिसरा पेच सगळ्यात मजेदार. एक्सओच्या फ्लॅश मेमरीवर जेएफएफएस२ ही फाइल पद्धत वापरलेली होती. ती वाचणारा भाग ‘एम’ करून त्याच फ्लॅशवर ठेवला, तर ती उघडण्यासाठी लागणारं मॉड्यूल तिच्याच आत राहतं: किल्ली आत ठेवून कपाट बंद केल्यासारखं. म्हणून असा भाग ‘वाय’ करायचा, नाहीतर सुरुवातीलाच रॅममध्ये उतरणाऱ्या छोट्या फाइल संचात ठेवायचा. बाकी जे क्वचित लागतं ते ‘एम’. कारण ‘वाय’ केलेला प्रत्येक भाग रॅममध्ये कायमचं बिऱ्हाड करतो.

एक्सओसाठी तर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ नावाचा स्वतंत्र पर्याय घातला गेला. पीएई चालू असेल तर तो निवडताच येत नाही.

पण यादीतली नावं कायमची नसतात. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिलं ते ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढायचं ठरलं आणि २०१३ च्या ३.८ आवृत्तीत तो नव्हता. लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमने २०२३ मध्ये १२ वी आवृत्ती काढताना ३२ बिटांच्या प्रोसेसरला नॉपएल कळलंच पाहिजे अशी अट घातली आणि जिओड एलएक्स बाहेर पडला. त्याचा वेग आदल्या दिवशी होता तेवढाच होता. जुनं यंत्र पुष्कळदा झिजून निकामी होत नाही. त्याची काळजी वाहणारं कुणी उरत नाही, म्हणून होतं.

तेव्हा यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही शाळेत किंवा घरी जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर भंगारात देण्याआधी तो एकदा तपासा. जुन्या यंत्रांसाठीचं हलकं लिनक्स सीडीवरून सुरू करा. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल वाचा. प्रोसेसरचं नाव आणि पीएई आहे की नाही, दोन्ही तिच्यात मिळेल. मग कर्नलच्या मजकुराच्या फोल्डरमध्ये ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. या क्षणी जी मॉड्यूल वापरात आहेत तेवढीच ठेवून बाकीची तो यादीतून वगळतो. त्याआधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जे लागणार ते जोडून ठेवा. कर्नल बांधायचं कष्टाचं काम नव्या संगणकावर करा आणि तयार कर्नल जुन्यावर न्या. लिनक्सची खूप जुनी आवृत्ती वापरावी लागली तर यंत्र इंटरनेटला जोडू नका. टायपिंगला आणि शिकायला ते पुरेसं आहे. आणि नवा कर्नल नीट चालेपर्यंत आधीचा पुसू नका.