सरफोजींचं बाड आणि मालवणचा मास्तर

कोल्हापुरात गाण्याचा विषय निघाला की अल्लादियाँ खाँ, देवल क्लब आणि मग गाडी थेट सिनेमावर. नाच म्हटला की ढोलकीचा फड. भरतनाट्यम् ही दक्षिणेकडची गोष्ट, तिच्याशी आपला काय संबंध? संबंध भाऊबंदकीचा आहे. भोसल्यांची एक पाती इथं नांदली, दुसरी व्यंकोजींबरोबर तंजावरला गेली. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला कितीतरी वर्षं ओढ आहे ती तिथल्या एका मराठी बाडाची.

‘कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस’ हे त्याचं नाव, आणि कर्ते दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२). त्यात निरूपणं आहेत. एकेका निरूपणात एकच कथा, अठरा रचनांत ओवलेली: जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना असं करत मंगलापर्यंत. सगळ्यांना राग एक, ताल एक. आज मंचावर अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम दिसतो तो बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबाराशी जोडलेले. म्हणजे ज्याला आपण परकं म्हणतो, त्याच्या जडणघडणीच्या काळात मराठी शब्द त्याच दरबारात नाचत होते. हे बाड तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपलं. अभ्यासकांनी ते वाङ्मय म्हणून वाचलं, आणि माझ्या मते तिथंच घोटाळा झाला.

कारण ते नाचून बघायला हवं होतं. ते काम केलं महादेव कांबळी यांनी. जन्म १९२१, मालवण, परिस्थिती बेताची. मुंबईत चंद्रशेखर पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम् शिकले आणि पुढे आचार्य पार्वतीकुमार झाले. इंडियन नॅशनल थिएटरसाठी त्यांनी ‘देख तेरी बंबई’सारखे बॅले बसवले, पण तो भाग मी भरभर ओलांडतो. निरूपणांत त्यांना शब्द मिळाले, राग-ताल मिळाले. पावलं मात्र बाडात नव्हती. अडवू कुठले घ्यायचे, कुठल्या ओळीला कुठली मुद्रा, हे त्यांनीच ठरवलं. याला सगळे ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. मला तो शब्द कंजूष वाटतो. यातला निम्मा नाच सरफोजींचा, निम्मा कांबळींचा. या सगळ्या खटाटोपाचा ग्रंथ म्हणजे त्यांचा ‘तंजावूर नृत्यप्रबंध’.

अर्थात पुस्तकाने नाच टिकत नाही, त्याला शिष्य लागतात. मुंबईतल्या मराठी घरांतल्या मुलींना मराठी पदांवर भरतनाट्यम् शिकवणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या शिष्या संध्या पुरेचा यांनी पुढे आपल्या संस्थेला नाव दिलं ते सरफोजीराजे भोसल्यांचं. दुसऱ्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर. त्यांनी ही निरूपणं रंगमंचावर आणली आणि पुढच्या तालमीसाठी गाठलं ते के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांना. किट्टप्पा म्हणजे त्या चौघा भावांच्याच वंशातले. तिथली तालीम घेऊन बाईंनी पुण्यात मांडली ‘नृत्यगंगा’: भरतनाट्यम्, पण हिंदुस्थानी रागांवर. शुद्धतेवाल्यांनी नाक मुरडायचं तर आधी सरफोजींकडे बघून मुरडावं.