हेगची परिषद आणि दमदमची गोळी

मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरच्या निबंधाबद्दल बोललो. नंतर एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "सर, राष्ट्रांनी खरोखर असा प्रयत्न कधी केला का?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे प्रयत्न दोन वाटांनी झाले. पहिली वाट सॉल्फेरिनोहून निघते. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतल्या या गावाजवळ फ्रान्स आणि सार्डिनियाचं सैन्य ऑस्ट्रियाशी लढलं. एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ४० हजार! हेन्री ड्युनांट हा स्विस व्यापारी आपल्या कामासाठी तिकडे आला होता. शेजारच्या कास्तिग्लिओने गावातल्या बायका, हा आपला की शत्रूचा असं न विचारता, जखमींची शुश्रूषा करत होत्या. ड्युनांटही त्यांच्यात सामील झाला. १८६२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही बाजूचा असो, त्याची काळजी घ्यायची, हे राष्ट्रांनी मान्य केलं. लक्षात घ्या, या करारात युद्धाला मनाई नाही; युद्धातल्या क्रौर्याला मर्यादा आहे.

दुसरी वाट म्हणत होती, मुळात युद्धच कशाला? अमेरिकेतल्या यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या 'अलाबामा' वगैरे जहाजांनी उत्तरेचं मोठं नुकसान केलं होतं. तो तंटा १८७२ मध्ये जिनिव्हात लवादाने मिटवला आणि ब्रिटनने दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. बलाढ्य राष्ट्रंही पंचांपुढे जाऊ शकतात, हे सिद्ध झालं. १८८९ मध्ये बर्था फॉन झुटनर यांच्या युद्धविरोधी कादंबरीने हा विचार घरोघरी नेला.

या दोन्ही वाटा १८९९ मध्ये हेगला एकत्र आल्या. रशियाचा झार दुसरा निकोलस याने ही परिषद सुचवली. त्यात आदर्शवाद होता, तसाच शस्त्रांवरचा खर्च परवडत नसल्याचा हिशोबही होता. २६ राष्ट्रं जमली. शस्त्रकपातीवर सदिच्छेपलीकडे काही झालं नाही. लवादाचं कायमचं न्यायालय स्थापन झालं. पण तिथे जायची सक्ती कोणावरच नव्हती.

आता या परिषदेचा एक ठराव बघू, कारण तो आपल्या देशाशी जोडलेला आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी एक गोळी तयार केली होती. तिच्या टोकाला शिसं उघडं ठेवलेलं असे, त्यामुळे ती शरीरात शिरली की पसरायची आणि भयंकर जखम करायची. वायव्य सरहद्दीवरच्या पठाण टोळ्यांविरुद्ध ती वापरली गेली. हेगमध्ये अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेने विरोधात मत दिलं. ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद काय होता? सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो. 'रानटी' माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी!

ठराव तरीही संमत झाला. पण त्यात एक कलम होतं : ही बंदी फक्त करार करणाऱ्या राष्ट्रांमधल्या युद्धांपुरती. म्हणजे वसाहतींमधल्या माणसाला तिचं संरक्षण नव्हतंच. ज्या भूमीवर ती गोळी घडली आणि झाडली गेली, तिथल्या लोकांचा प्रतिनिधीही त्या सभागृहात नव्हता.

मग हेग फसलं का? तसं मी म्हणणार नाही. नियम एकदा लिहिला गेला की तो मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. ब्रिटनने १९०७ मध्ये ही बंदी स्वीकारलीच. पण कोणताही शांतता करार वाचताना आपण एक प्रश्न विचारायला हवा : यात 'माणूस' म्हणून कोणाला धरलंय, आणि कोणाला वगळलंय?

कास्तिग्लिओनेच्या त्या बायकांनी पाणी पाजताना असं कोणतंही कलम घातलं नव्हतं. कायद्याला अजून त्यांच्यापर्यंत पोचायचंय. आज इथेच थांबतो.